शेततळे : जागेची निवड

शेततळे म्हणजे पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी शेतात खोदलेले तळे. पावसाच्या खंडात कोरडवाहू पिकाला एखाद-दुसरे संरक्षित पाणी देणे हा त्याचा मुख्य उपयोग. महाराष्ट्रात २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्याचा मोठा प्रसार झाला. तळे टिकेल की कोरडे पडेल, हे खोदाईआधी निवडलेल्या जागेवरच ठरते.

पाण्याची वाट : तळ्यासाठी शेताचा सखल भाग निवडतात, कारण तेथे वरच्या शेतांचे पाणी आपसूक उतरते. जोराच्या पावसात बांधावर उभे राहिले की पाण्याचे ओघ कोठे जमतात, हे स्पष्ट दिसते. उतार शक्यतो तीन टक्क्यांच्या आत असावा. ओढ्या-नाल्याच्या पात्रात मात्र खोदू नये. पुराने काठ फुटतात आणि तळे गाळाने भरते. पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ थोपवणारा खड्डा आणि जादा पाण्यासाठी सांडवा, या दोन्हींना जागा हवी.

पाणलोटाचा हिशोब : ३० × ३० × ३ मीटर मापाच्या, १:१ बाजू-उताराच्या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. एक हेक्टरवरून १० मिलिमीटर पाणी वाहून आले, तर ते १०० घनमीटर भरते. दोन हेक्टरांच्या पाणलोटावर हे तळे भरायला हंगामात सुमारे ११० मिलिमीटर पाणी वाहून यावे लागते. तेवढे येत नसेल, तर तळे लहान घ्यावे.

जमीन : विनाअस्तर तळ्याला खोल काळी चिकणमाती उत्तम. मुरूम, वाळू, चुनखडीचा थर किंवा कोकणातील जांभा पाणी धरत नाही. वरची काळी माती पाहून फसू नये. खाली अनेकदा मुरूम लागतो. म्हणून तळ्याच्या नियोजित खोलीइतका चाचणी खड्डा घेऊन थर पाहावेत. तळाची ओली माती हातावर वळून तिची न तुटणारी लांब वळी झाली, तर चिकणमाती पुरेशी आहे. खड्डा एकदा भरून माती भिजू द्यावी, पुन्हा संध्याकाळी भरावा आणि सकाळी पाणी किती उतरले ते मोजावे. झपाट्याने उतरत असेल, तर दुसरी जागा पाहावी किंवा प्लास्टिक अस्तराचा खर्च धरावा.

शेजार : मोठ्या झाडांची मुळे भराव आणि अस्तर फोडतात, म्हणून अंतर ठेवावे. विनाअस्तर तळे विहिरीच्या वरच्या अंगाला असल्यास पाझर विहिरीला मिळतो. विजेच्या तारांखाली तळे नको. वस्तीजवळ असेल, तर कुंपण अत्यावश्यक. अस्तराच्या निसरड्या बाजूंवरून पडलेल्या माणसाला वर येणे कठीण जाते.

परंपरा : भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, पुढे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले, जागेच्या पारखीचे उत्तम उदाहरण आहेत. वरच्या उताराचे पाणी बांधाने अडवून ते खालच्या धानशेतीला पाटाने देण्याची ही रचना आहे.

निवडीतील नेहमीची चूक : वरील मापाच्या तळ्याखाली, भराव सोडूनही, सुमारे नऊ गुंठे जमीन कायमची जाते. त्यामुळे शेतकरी बहुधा पडीक बरड तुकडा तळ्याला देतो. नेमका तोच तुकडा उंच, खडकाळ आणि पाझरणारा असतो. पाणी धरणारे नऊ गुंठे देणे जड वाटले, तरी उरलेल्या पिकाला ऐन खंडात पाणी मिळते ते त्यांच्यामुळेच.