टप्पेवार लेखन

टप्पेवार लेखन : (लेखनाध्यापन). दीर्घ निबंध, प्रकल्प-अहवाल किंवा प्रबंध विद्यार्थ्याकडून एकदम न मागता विषयनिवड, टिपणे, आराखडा, कच्चा खर्डा, दुरुस्ती व पक्की प्रत अशा भागांत करवून घेण्याची पद्धत. प्रत्येक भागाला वेगळी मुदत असते. मात्र त्या त्या भागावर शिक्षकाचा शेरा मिळत नसेल, तर ते निव्वळ वेळापत्रक होय.

पूर्वपीठिका : या पद्धतीचा शास्त्रीय पाया प्रामुख्याने अमेरिकेत घातला गेला. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातील बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले व ते ध्वनिमुद्रित केले. शाळेने नेमून दिलेला विषय असला की मुले पूर्वतयारी जेमतेम करत आणि लिहिलेल्या मजकुराला पुन्हा हात लावत नसत. स्वेच्छेने लिहिताना मात्र ती रेंगाळत, खाडाखोड करत. आठांपैकी एकाच विद्यार्थिनीचा वृत्तांत सविस्तर दिलेला आहे. त्यावरून सर्वसाधारण नियम काढणे जोखमीचे, तरी पुढील संशोधनाची दिशा याच अभ्यासाने ठरवली. १९७२ मध्ये डोनल्ड मरी यांनी तयार लेखापेक्षा लेखनाची प्रक्रिया शिकवावी, असे प्रतिपादन केले. १९७४ मध्ये बर्कली येथे शिक्षकांसाठी ‘बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट’ सुरू झाला.

टप्प्यांचा क्रम : लिंडा फ्लॉवर व जॉन हेज (१९८१) यांच्या मते नियोजन, शब्दांकन व पुनरावलोकन या क्रिया एकामागून एक घडत नाहीत, तर एकमेकींत शिरतात. म्हणून खर्डा लिहिताना आराखडा मोडणे चुकीचे नव्हे. मंजूर आराखड्याला विद्यार्थ्यास जखडून ठेवणारा शिक्षक मात्र पद्धतीचा हेतूच हरवतो.

आधार : टप्प्याटप्प्यावर शिक्षक देतो त्या मदतीला ‘स्कॅफोल्डिंग’ म्हणतात; ही संज्ञा वुड, ब्रूनर व रॉस यांच्या १९७६ च्या निबंधातली. तो निबंध लेखनाविषयी नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी लाकडी ठोकळे रचण्याविषयी आहे.

परिणाम : स्टीव्ह ग्रॅहम व डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या वर्गांवरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात नियोजन, दुरुस्ती इत्यादींच्या युक्त्या उघडपणे शिकवण्याचा परिणाम-आकार (इफेक्ट साइझ) ०.८२, तर प्रक्रियाधिष्ठित पद्धतीचा ०.३२ आढळला. दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रयोगांतले असल्याने त्यांची थेट तुलना सावधपणे करावी. तरीही टप्पे पाडून दिले म्हणजे ते पार कसे करावेत हे शिकवले, असे होत नाही, एवढे त्यांवरून दिसते.

महाराष्ट्रात : शालेय मराठीत ‘मुद्द्यांवरून गोष्ट’ हा प्रकार जुना आहे. त्यात आराखडा परीक्षक देतो, तेव्हा विचाराचा अवघड भाग विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाही. कच्चा खर्डा तपासून घेण्यास परीक्षेत अर्थातच वाव नसतो. पीएच.डी.च्या पातळीवर मात्र टप्पे नियमानेच येतात : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार संशोधकाने दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावयाची असे; २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. समिती लिहिलेली प्रकरणे कितपत वाचते, हे मार्गदर्शकागणिक बदलते.

सहाध्यायी-वाचन : कच्चा खर्डा वर्गमित्राकडून वाचून घेणे हाही एक टप्पा मानतात.