पुडवें कोणी फेडविले?

गोमंतकाच्या इतिहासात वस्त्राविरुद्ध निघालेला एक हुकूम प्रसिद्ध आहे. १७३६ च्या एप्रिल महिन्यात इन्क्विझिशनने फर्मान काढून येथील ख्रिस्ती पुरुषांना पुडवें नेसण्यास आणि स्त्रियांना हिंदु पद्धतीची चोळी घालण्यास मनाई केली; आणि पुरुषांना ही मनाई घराबाहेर होती तशीच घरातही होती. आम्ही कायद्याच्या धंद्यातले असल्यामुळे या तरतुदीपाशी नेहमी थबकतो. माणूस स्वतःच्या ओसरीवर काय नेसून बसतो हे न्यायासनाला कळायचे, तर शेजाऱ्यालाच हेर व्हावे लागते.

हुकुमाचा परिणाम झाला, पण सरसकट नव्हे. प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यांतील पुरुष कोट-विजारीत गेले. शेतात राबणाऱ्या ख्रिस्ती गावडा स्त्रीने मात्र आपले आखूड कापड आणि खांद्यावर मारलेली त्याची गाठ सोडली नाही. गुडघाभर चिखलात भात लावणारीला झग्याचा काय उपयोग? १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. कापड त्यानंतरही टिकले.

हा हुकूम आम्हां हिंदूंवर नव्हताच. ज्यांनी १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास नेला, पण धर्म सोडला नाही, त्यांच्या वंशजांचे पुडवें मग फेडविले कोणी? १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, शाळा-कचेऱ्यांची दारे उघडली आणि त्याच दारांतून विजार आत आली. पुढे सायकल आली, खुर्ची आली, शिंपी आला. आणि आला खिसा! आमच्या मते या साऱ्यांत खरा विजेता खिसाच. आजोबा पैसे कडोसरीला लावीत. त्यांच्या नातवाला चाव्या, पाकीट आणि पेन ठेवावयास जागा हवी होती. बायकांनी तेवढी पाचवारी धरून ठेवली, म्हणून परंपरा टिकल्याचा भास आम्हां पुरुषांना झाला.

भारतीय वकील परिषदेच्या पोशाखाच्या नियमांत विजारीबरोबर धोतराचेही नाव आहे. धोतर नेसून न्यायालयात उभा राहिलेला वकील आम्ही मात्र अजून पाहिलेला नाही, आणि आम्हीही कधी तसे गेलो नाही.

मध्यंतरी आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या सभेत उचित पोशाखाचा फलक लावण्याचा ठराव आला. मांडणारे विजारीत होते. अनुमोदन आम्ही दिले, तेही विजारीतच. चर्चा सर्व मुलींच्या कपड्यांवर झाली. दुसऱ्या दिवशी अभिषेकाला बसताना सोवळ्याचा कासोटा आम्हांस खोचता येईना. शेवटी भटजींच्या मुलाने तो खोचून दिला. बाजारात आता शिवलेले सोवळेही मिळते, असे त्याने आम्हांस सांगितले. त्याला नाडी असते, आणि खिसाही असतो.