काउफमान, आंगेलिका

(३० ऑक्टोबर १७४१–५ नोव्हेंबर १८०७). नवअभिजाततावादी संप्रदायातील श्रेष्ठ चित्रकर्त्री. इतिहासचित्रे व व्यक्तिचित्रे यांसाठी प्रसिद्ध. स्वित्झर्लंडमधील कूर येथे जन्म. तिचे वडील ऑस्ट्रियन चित्रकार होते. त्यांच्याच हाताखाली तिचे कलाशिक्षण झाले. संगीतातही तिला उत्तम गती होती. या दोन कलांमधून एकीची निवड करताना झालेली मनाची ओढाताण तिने पुढे एका आत्मचित्रात (१७९४) रूपकात्मक रीतीने रंगविली.

वडिलांबरोबर इटलीत प्रवास करून तिने पूर्वसूरींच्या चित्रांचा अभ्यास केला. रोममध्ये अभिजात कलेचा भाष्यकार व्हिंकेलमान याचे तिने रंगविलेले व्यक्तिचित्र (१७६४) तिच्या कीर्तीस कारणीभूत ठरले. हाती लेखणी घेऊन विचारात गढलेला हा पंडित तिने कोणत्याही डामडौलाविना दाखविला आहे. १७६६ मध्ये ती लंडनला गेली. तेथे चित्रकार रेनल्ड्झ याच्याशी तिचा स्नेह जुळला. त्याचेही व्यक्तिचित्र (१७६७) तिने रंगविले. स्वतःस स्वीडिश सरदार म्हणविणाऱ्या एका तोतयाशी झालेला तिचा विवाह अल्पकाळच टिकला.

१७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकादमीच्या संस्थापक-सभासदांत तिच्यासह दोनच स्त्रिया होत्या. मात्र विवस्त्र मानवाकृतीवरून रेखन करण्याच्या वर्गात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यामुळे झोफानीने त्या वर्गातील सभासदांचे समूहचित्र (१७७१–७२) रंगविताना या दोघींना भिंतीवरील तसबिरींच्या रूपाने दाखविले. इतिहासचित्रण त्या काळी सर्वश्रेष्ठ मानले जाई व त्यास शरीररचनेचे ज्ञान अत्यावश्यक असे. तिच्या पुरुषाकृती दुबळ्या वाटतात, या आक्षेपाचा विचार करताना ही अडचण ध्यानात घेणे इष्ट ठरते. व्यक्तिचित्रे हे तिच्या अर्थार्जनाचे प्रमुख साधन होते. तथापि इतिहासचित्रणाचा ध्यास तिने सोडला नाही. युद्धप्रसंगांपेक्षा विरह, निष्ठा, मातृत्व यांसारख्या भावनांवर तिचा भर होता. <em>हेक्टर व अँड्रॉमकी यांचा निरोप</em> (१७६८) व आपली मुले हीच आपली रत्ने असे सांगणारी <em>कॉर्नीलिया</em> (१७८५) ही याची उत्तम उदाहरणे होत. अकादमीच्या सभागृहासाठी तिने चार छतचित्रेही रंगविली (१७७८–८०). त्यांपैकी एकात कलेचे प्रतीक असलेली स्त्री प्राचीन पुरुषशिल्पावरून रेखन करताना दिसते.

१७८१ मध्ये तिने व्हेनिसचा चित्रकार आंतॉन्यो झुक्की याच्याशी विवाह केला व पुढे ती रोममध्ये स्थायिक झाली. तिचे घर कलावंतांचे व साहित्यिकांचे केंद्र बनले. जर्मन कवी गटे तेथे वारंवार येई. मात्र तिने रंगविलेले त्याचे व्यक्तिचित्र त्याला स्वतःसारखे वाटले नाही. व्यक्तीस आदर्श रूप देण्याची तिची प्रवृत्ती यातून दिसून येते.

रोम येथे ती निधन पावली. शिल्पकार कानॉव्हा याच्या देखरेखीखाली तिची अंत्ययात्रा निघाली व तीत तिची दोन चित्रे मिरवण्यात आली. तिच्यानंतर रॉयल अकादमीच्या पूर्ण सभासदत्वासाठी स्त्रीची निवड थेट १९३६ मध्ये, लॉरा नाइट हिच्या रूपाने झाली.