बोरू ते हापूस : एका शब्दाचा प्रवास

मार्च-एप्रिल आला की वाशीच्या फळबाजारात देवगड-रत्नागिरीच्या पेट्या उतरू लागतात. बागायतदाराला विचारावं, झाडं किती? तो सांगतो, ‘दीडशे कलमं आहेत.’ इकडे पोलीस ठाण्यात कुणावर तरी एखादं ‘कलम’ लागतं. आणि उर्दू शायर ज्याने गझल लिहितो, तेही ‘कलम’च. झाड, कायदा आणि लेखणी एका शब्दात कशी मावली?

या शब्दाचं मूळ गाव ग्रीस. तिथे ‘कालामोस’ म्हणजे पाणथळ जागी उगवणारा बोरू. तो तासून, टोक तिरपं कापून लिहायची रीत फार जुनी. आपली मोडी दप्तरंही बोरूनेच लिहिली गेली. ग्रीकांचा शब्द अरबीत ‘कलम’ झाला. कुराणाच्या 68 व्या सुरेचं नावच ‘अल-कलम’ आहे. अरबीतून तो फारसी-तुर्कीत गेला आणि फारसीबरोबर दख्खनच्या दरबारांत आला.

दुसरी वाट लॅटिनची. फ्रेंचमध्ये ‘शोम’ म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला कडबा, छपरावरचं गवत. तर ‘शालुमो’ म्हणजे वेळूची नळी किंवा पावा. इटालियनमध्ये ‘कालामायो’ म्हणजे दौत. आपले कोळी ज्याला माकुल म्हणतात, त्याच्या अंगात शाई असते, म्हणून त्याचं इटालियन नाव ‘कालामारो’. हॉटेलातलं ‘कॅलामारी’ ते हेच.

खरी गंमत तुर्कांनी केली. त्यांच्या राज्यातून ‘कालेम’ सर्बियात गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला झाडाचं कलम, अगदी कोकणातल्यासारखा! ग्रीसमध्ये तो ‘कालेमी’ होऊन परतला, पण छिन्नी बनून. माहेरच्यांनी आपलीच लेक ओळखली नाही.

आपल्याकडचे अर्थही असेच एकातून एक फुटले. बोरूचं टोक जसं तिरपं कापतात, तशीच कलमाची काडीही. म्हणून फारसीत ‘कलम करणं’ म्हणजे छाटणं. यादीत लेखणीने नोंदलेली एकेक बाब, तेही कलम. तुर्कीतही हा अर्थ आहे. पेशवाईच्या कागदांत अशी कलमं जागोजागी भेटतात, आणि त्यांतूनच कायद्याचं कलम आलं.

एका कवितावाचनानंतर एका गृहस्थांनी मला प्रेमाने सुचवलं, ‘कलम’ काढून ‘लेखणी’ घाला, कविता जास्त मराठी वाटेल. ‘लेखणी’ मलाही प्रिय आहे. पण ‘जास्त मराठी’ हे शब्द मनात रुतून बसले. शब्द परका ठरला, की तो बोलणाऱ्याकडेही लोक त्याच नजरेने बघू लागतात.

हा वाद जुना आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, कारण राज्य स्वतःचं होतं आणि त्याची भाषाही स्वतःची हवी होती. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. तिने ‘महापौर’सारखे उत्तम शब्द दिले. माधव जूलियनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेही भाषाशुद्धीकडे वळले. तरी ‘कलम’ राहिलंच. संविधानाच्या अधिकृत मराठी अनुवादात ‘अनुच्छेद’ आहे. माणसं मात्र ‘कलम 370’ म्हणतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कायदा बदलला, पण मराठी फिर्यादीतलं ‘कलम’ बदललं नाही.

शब्द कुठून आला, हा इतिहासाचा प्रश्न. तो आता कुणाचा, हे बोलणारे ठरवतात. ‘हापूस’ हे नावसुद्धा पोर्तुगीज ‘आफोन्सो’वरून आलेलं. गावठी रायवळाच्या खुंटावर त्याची काडी बांधतात, सांधा जुळतो, आणि मग फळ कोकणचं म्हणूनच बाजारात येतं. काडी कुठली होती, असं पेटी उघडणारा विचारत नाही.