आधी दार, मग चौकशी

'अटींशिवाय प्रेम' हे शब्द चर्चमध्ये इतक्यांदा ऐकलेत की आता ते कानांवरून नुसते जातात. असं झालं की मला पंडिता रमाबाई आठवतात.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे राहिल्या. या सिस्टर लंडनमधल्या फुलम इथे, समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना आसरा देत. रमाबाईंना नवल वाटलं. ज्यांना सगळ्यांनी टाकलं, त्यांच्यासाठी एवढं का करायचं? उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवली. येशूला त्या बाईचं सगळं आयुष्य ठाऊक होतं, तरी त्याने तिच्याकडे पाणी मागितलं, तिच्याशी बोलत बसला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण पटणं वेगळं आणि जगणं वेगळं, नाही का? १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, उपास काय असतो ते त्यांना माहीत होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. आता जात विचारायला वेळच नव्हता! केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथेच कृपा सदनही निघालं, फुलमला पाहिलं होतं तशाच स्त्रियांसाठी. मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवू लागल्या. एकेक दार असं उघडत गेलं.

एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींना धर्मांतराकडे वळवलं जातं असा पुण्यात मोठा वाद झाला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. मदतीच्या हातामागे धर्माची अपेक्षा असली तर ते प्रेम बिनशर्त राहतं का? प्रश्न रास्त आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांनी तो स्वतःला विचारत राहायला हवा, रमाबाईंबद्दल कितीही आदर असला तरी.

मला वाटतं, सुवार्ता जगायची म्हणजे केडगावएवढं काम उभं करायलाच हवं असं नाही. आपल्याच नात्यातली एखादी मुलगी नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते, तेव्हा आपण पहिलं काय विचारतो? "चूक कोणाची?" चहा नंतर, निकाल आधी! (नातेवाईक मंडळी हे वाचताय ना?)

रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मुक्ती मिशनचं काम केडगावला आजही चालू आहे. आपल्याला तर आपल्या घराचंच दार उघडायचं आहे. चौकशी काय, नंतरही होईल... किंवा नाही झाली तरी चालेल.