ऑल-टेरेन टायर (हिवाळी वापर)

ऑल-टेरेन टायर हा पक्का रस्ता, खडीचा मार्ग, माती व चिखल अशा विविध पृष्ठभागांवर चालावा या हेतूने बनविलेला टायर आहे. पिकअप ट्रक, जीप व एसयूव्ही प्रकारच्या वाहनांना तो प्रामुख्याने बसवितात. उत्तर अमेरिका, स्कँडिनेव्हिया आणि आल्प्सच्या परिसरात अनेक वाहनधारक हाच टायर हिवाळ्यातही वापरतात. नव्या अवस्थेत त्याची हिमावरील पकड समाधानकारक असते. मात्र टायर जसजसा झिजतो तसतशी ही पकड कोरड्या रस्त्यावरील पकडीपेक्षा फार लवकर कमी होते. प्रस्तुत लेखात झिजलेल्या ऑल-टेरेन टायरांचे हिवाळ्यातील वर्तन, त्यामागील कारणे, संबंधित चिन्हे व कायदे यांची माहिती दिली आहे.

मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत थराला आणि गोठलेल्या पाण्याच्या कठीण थराला वापरला जातो. टायरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या लेखात पहिल्याला ‘हिम’ व दुसऱ्याला ‘बर्फ’ म्हटले आहे.

पार्श्वभूमी

हिवाळ्यासाठी खास घडविलेला पहिला टायर फिनलंडमध्ये १९३४ साली तयार झाला. आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या पूर्वसुरींनी बनविलेला ‘केलिरेंगस’ नावाचा हा टायर ट्रकसाठी होता. मोटारगाड्यांसाठीचा हिवाळी टायर त्यानंतर, १९३६ साली आला. ऑल-टेरेन प्रकाराचा रेडियल टायर बीएफगुडरिच या अमेरिकन कंपनीने १९७६ साली बाजारात आणला. त्याची रचना वाळवंट, खडी व माती यांचा विचार करून झाली होती. हिम हा त्याचा मुख्य विषय नव्हता. पुढे अनेक उत्पादकांनी ऑल-टेरेन टायरांच्या रबरात व नक्षीत बदल करून ते हिवाळ्यासही योग्य बनविण्याचा प्रयत्न केला. तरीही दणकट, टिकाऊ व दगडाने न कापला जाणारा टायर हा या प्रकाराचा मूळ उद्देश कायम राहिला.

हिमावरील पकड

कोरड्या डांबरी रस्त्यावर पकड रबर व रस्ता यांच्या थेट घर्षणातून मिळते. तेथे नक्षीच्या खोलीला फारसे महत्त्व नसते. हिमावर पकड मुख्यतः पुढील तीन प्रकारे निर्माण होते.

• हिम दाबून धरणे : चाक फिरताना नक्षीच्या खाचांमध्ये हिम दाबले जाऊन घट्ट होते. या दाबलेल्या हिमाची रस्त्यावरील हिमाशी पकड रबराच्या पकडीपेक्षा अधिक असते. टायर पुढे सरकण्यासाठी हे हिम कातरले जावे लागते आणि त्या विरोधातूनच वाहनाला जोर मिळतो.
• कडांचा चावा : नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा आणि त्या ठोकळ्यांवरील बारीक चिरा हिमात रुततात. चिरा जितक्या अधिक तितक्या चावणाऱ्या कडा अधिक.
• रबराची लवचीकता : थंडीत मऊ राहणारे रबर पृष्ठभागाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते. कडक झालेले रबर त्यावरून घसरते.

बर्फावर परिस्थिती आणखी वेगळी असते. तेथे खाचांत दाबण्यासारखे काही नसते. चिरांच्या कडा व रबराचा मऊपणा यांवरच सारी भिस्त असते. तापमान शून्य अंशाच्या आसपास असताना बर्फावर पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतील बर्फापेक्षा हा ओलसर बर्फ अधिक घसरडा असतो.

झिजेचे परिणाम

नव्या ऑल-टेरेन टायरच्या नक्षीची खोली साधारणतः १० ते १५ मिलिमीटर असते, तर मोटारगाडीच्या नव्या सामान्य टायरची सुमारे ८ मिलिमीटर. यामुळे एक फसगत संभवते. निम्मा झिजलेला ऑल-टेरेन टायरही पाहणाऱ्याला ‘अजून बटणं शिल्लक आहेत’ असा वाटतो. प्रत्यक्षात त्याची हिमावरील क्षमता बरीच घटलेली असते. त्याची कारणे अशी :

• चिरा नाहीशा होणे : अनेक टायरांतील बारीक चिरा नक्षीच्या पूर्ण खोलीपर्यंत गेलेल्या नसतात. मुख्य खाचा शाबूत असतानाच चिरा संपतात आणि ठोकळ्याचा माथा सपाट होतो.
• खाचा अरुंद होणे : खाचांच्या भिंती उतरत्या असल्याने खाच वर रुंद व तळाशी अरुंद असते. खोली निम्मी झाली की खाचेतील पोकळी निम्म्याहूनही कमी उरते. हिम धरून ठेवण्याची जागा त्या प्रमाणात घटते.
• ठोकळे ताठर होणे : उंच ठोकळा भार पडताच किंचित वाकतो व त्याच्या कडा रुततात. आखूड ठोकळा तसा वाकत नाही. कोरड्या रस्त्यावर हा ताठरपणा लाभदायक ठरतो, हिमावर मात्र तो तोट्याचा असतो.
• रबर कडक होणे : ऊन, उष्णता व प्राणवायू यांच्या परिणामाने रबर वर्षानुवर्षे कठीण होत जाते. कमी वापरलेला पण जुना टायर खोलीच्या मोजणीत उत्तीर्ण होऊनही बर्फावर अनुत्तीर्ण ठरतो.
• कडा गोलाकार होणे : खडी व दगडांच्या मार्गावर चालल्याने ठोकळ्यांचे कोपरे झडतात. ऑल-टेरेन टायरांच्या बाबतीत ही झीज विशेष दिसते.

पाणीमिश्रित हिमाच्या चिखलात झिजलेला टायर सर्वाधिक धोकादायक ठरतो. खाचांतून हा चिखल बाहेर फेकला गेला नाही, तर टायर त्याच्या थरावर तरंगू लागतो व सुकाणू निरुपयोगी होते. पावसाळ्यात पाण्यावर टायर तरंगण्याचाच हा प्रकार आहे. मात्र चिखल पाण्यापेक्षा घट्ट असल्याने तो हटविणे टायरला अधिक अवघड जाते.

थांबण्याचे अंतर

घर्षणांक कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे ०.८, दाबलेल्या हिमावर ०.२ ते ०.३ आणि बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत किती अंतर कापेल, हे भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने काढता येते. घर्षणांक ०.८ असताना हे अंतर सुमारे १२ मीटर, ०.३ असताना ३३ मीटर, ०.२ असताना ४९ मीटर आणि ०.१ असताना ९८ मीटर येते. चालकाला प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही. चांगल्या व झिजलेल्या टायरमुळे हिमावरील घर्षणांकात केवळ ०.१ चा फरक पडला, तरी थांबण्याचे अंतर १६ मीटरने वाढते. एखाद्या चौकात किंवा शाळेसमोरच्या रस्त्यावर हे अंतर निर्णायक ठरू शकते.

चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी वाहने हिमात सहज पुढे निघतात. त्यामुळे चालकाला टायर उत्तम असल्याचा समज होतो. मात्र ब्रेक प्रत्येकच वाहनात चारही चाकांना असतात. थांबताना व वळताना फोर बाय फोर यंत्रणेचा कोणताही विशेष लाभ होत नाही. झिजलेल्या टायरांचे उणेपण म्हणूनच बहुधा निघताना लक्षात येत नाही, ते थांबताना उघड होते.

टायरवरील चिन्हे

• एम+एस : ‘चिखल व हिम’ या अर्थाची ही अक्षरे नक्षीच्या भूमितीवर, म्हणजे खाचांच्या प्रमाणावर व रचनेवर आधारित आहेत. त्यांसाठी हिमावरील चाचणी आवश्यक नसते. बहुतेक सर्व ऑल-टेरेन टायरांवर ही अक्षरे आढळतात.
• तीन शिखरे व हिमकण : तीन सुळक्यांच्या पर्वताच्या आत सहा पाकळ्यांचा हिमकण असे हे चिन्ह उत्तर अमेरिकेत १९९९ साली प्रचारात आले. ते मिळविण्यासाठी टायरला दाबलेल्या हिमावरील चाचणीत ठरावीक संदर्भ टायरपेक्षा निश्चित प्रमाणात अधिक जोर दाखवावा लागतो. काही ऑल-टेरेन टायरांना हे चिन्ह मिळालेले आहे.

ही दोन्ही चिन्हे टायरच्या बाजूवर कोरलेली असल्याने टायर पूर्ण झिजेपर्यंत तशीच राहतात. चाचणी मात्र नव्या टायरची झालेली असते. त्यामुळे झिजलेल्या टायरवरील चिन्ह हे त्याच्या भूतकाळाचे प्रमाणपत्र असते; त्यावरून सध्याची क्षमता कळत नाही. शिवाय उत्तर अमेरिकेतील चाचणी वेग घेण्याच्या क्षमतेची आहे. बर्फावर थांबण्याची व वळण्याची क्षमता तीत मोजली जात नाही.

किमान खोलीविषयक नियम

बऱ्याच देशांत टायरच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी असलेले झीजदर्शक उंचवटे हीच मर्यादा दाखवितात. हिवाळ्यासाठी ही मर्यादा अपुरी असल्याने काही प्रदेशांनी स्वतंत्र नियम केले आहेत.

• ब्रिटिश कोलंबिया (कॅनडा) : ठरावीक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे असतात. एम+एस अक्षरे असलेला टायरही चालतो, मात्र नक्षी किमान ३.५ मिलिमीटर असावी लागते.
• क्वेबेक (कॅनडा) : १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात पर्वत व हिमकणाचे चिन्ह असलेले टायर आवश्यक आहेत. केवळ एम+एस अक्षरे पुरेशी मानली जात नाहीत.
• कोलोरॅडो (अमेरिका) : डोंगराळ भागातील आंतरराज्य महामार्ग ७० वर हिवाळी नियम लागू असताना नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर असावी लागते.
• ऑस्ट्रिया : १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर आवश्यक असतो. रेडियल टायरची नक्षी ४ मिलिमीटरहून कमी झाल्यास तो हिवाळी टायर मानला जात नाही.
• जर्मनी : सक्ती तारखेवर नव्हे, तर रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ पर्वत व हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात.

तपासणी व काळजी

अमेरिकेत नक्षीची खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजतात. असा एक भाग म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर. हिमासाठी साधारणतः ५ मिलिमीटर खोली शिल्लक असावी असे मानले जाते. खोलीबरोबरच चिरा शिल्लक आहेत की नाहीत, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. टायरचे वय बाजूवरील चार अंकी क्रमांकावरून कळते. उदाहरणार्थ, ३५१९ म्हणजे २०१९ सालातील पस्तिसावा आठवडा.

रिकाम्या पिकअप ट्रकच्या मागील चाकांवर भार फार कमी असतो. अशा वेळी मागील टायर अधिक झिजलेले असल्यास वाहनाची मागची बाजू फिरण्याचा संभव वाढतो. म्हणून दोनच नवे टायर घ्यावयाचे असल्यास ते मागे बसविण्याची शिफारस केली जाते. काही चालक मागील आसाजवळ वाळूची पोती घट्ट बांधून भार वाढवितात. टायरांची जागा ठरावीक अंतरानंतर आलटून पालटून बदलल्यास झीज समान होते.

तापमान १० अंश सेल्सिअसने उतरल्यास टायरमधील हवेचा दाब सुमारे दीड ते दोन पीएसआयने घटतो. त्यामुळे थंडी सुरू होताच दाब पुन्हा तपासावा लागतो. लोखंडी साखळ्या लावल्यास झिजलेल्या टायरलाही तात्पुरती पकड मिळते, मात्र त्या मंद वेगासाठीच असतात. पोलादी खिळे बसविण्याची सोय असलेल्या टायरांत ते टायर नवा असतानाच बसवावे लागतात.

भारतातील संदर्भ

भारतात हा विषय मुख्यतः काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचल प्रदेशातील उंच रस्त्यांपुरता मर्यादित आहे. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यानंतर लाहौलकडे हिवाळ्यातही वाहतूक होऊ लागली. महाराष्ट्रातून स्वतःची वाहने घेऊन मनाली व लडाखकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना अनेकदा एम+एस अक्षरे असलेले टायर असतात. सह्याद्रीच्या उष्ण, खडबडीत रस्त्यांवर झिजलेले व उन्हाने कडक झालेले असे टायर केवळ त्या अक्षरांच्या भरवशावर हिमात नेणे धोक्याचे ठरते.

हेसुद्धा पहा

• टायर
• घर्षण
• हिमवर्षाव
• अटल बोगदा