शेरी, मोहफुलें आणि चाखणा

मद्याबरोबर जें खावयाचें त्यास मराठींत चाखणा म्हणतात. शब्द साधा आहे. तथापि पेय केवळ घशाखालीं उतरवावयाचें नसून अन्नाच्या संगतीनें चाखावयाचें असतें, हा विचार त्यांत दडलेला आहे. आयुर्वेदानेंही अन्नाबरोबरच्या पेयास अनुपान हें स्वतंत्र नांव देऊन, कोणत्या अन्नावर कोणतें पेय हितकर, याचा विचार केला आहे. या दृष्टीनें दोन मद्यांचा इतिहास शेजारीं ठेवून पाहणें उद्बोधक होईल. एक स्पेन देशांतील शेरी, दुसरें नागपूरच्या आसपासच्या रानांतील मोहाचें.

स्पेनच्या दक्षिणेस जेरेझ नांवाचें शहर आहे. अरबांच्या अमदानींत त्यास शरीश म्हणत. त्यावरूनच इंग्रजांचा शेरी हा शब्द निघाला. तेथील खडूसारख्या पांढऱ्या जमिनींत पालोमिनो जातीचीं द्राक्षें पिकतात. त्यांच्या रसाचें मद्य आंबून तयार झालें म्हणजे त्यांत द्राक्षांचाच अर्क घालून त्याची तीव्रता वाढवितात. ती शेंकडा पंधराच्या सुमारास ठेविली तर मद्यावर किण्वाची पांढरी साय धरते व हवेपासून त्याचें रक्षण करते. ही फिनो शेरी. ती फिकट, कोरडी व बदामाच्या वासाची असते. थंड करून खारे बदाम, ऑलिव्हचीं फळें व मासळी यांजबरोबर घेतात. साय मरून हवा लागली कीं तीच पिंगट होऊन अमोंतिलादो बनते. तिला कोंबडीचें मांस व अळंबीं मानवतात. तीव्रता शेंकडा सतरावर नेली तर साय धरतच नाहीं. मग अक्रोडाच्या चवीची गडद ओलोरोसो होते, आणि ती मंद आंचेवर शिजविलेल्या मांसाबरोबर शोभते. खारट घांसानें कोरड्या मद्याची तीक्ष्णता सौम्य भासते, आणि मद्यानें जिभेवरील तेलकटपणा धुतला जातो. उभयतांचें जमतें तें यामुळें.

ही चव इंग्लंडांत फार जुन्या काळीं पोंचली. १५८७ सालीं ड्रेकनें कादिझ बंदरावर हल्ला करून शेरीचीं हजारों पिंपें पळविलीं. पुढें इतर देशांतील मद्येंही याच नांवानें विकूं लागलीं. तेव्हां १९३३ मध्यें स्पेननें मद्याचा कायदा केला व १९३५ मध्यें जेरेझच्या नांवाचें व गुणाचें रक्षण करणारें मंडळ स्थापन झालें. चव ही त्या मुलखाची मालमत्ता ठरली.

आतां नागपूरकडे वळूं. हें शहर बख्त बुलंद या गोंड राजानें वसविलें. गोंडांच्या जीवनांत मोहाच्या झाडाला देवत्व आहे. चैत्राच्या सुमारास पहांटे त्याचीं पिवळसर, रसाळ फुलें गळतात. बायकामुलें तीं वेंचून वाळवितात. तीं शिजवून खातात, टंचाईच्या दिवसांत त्यांवर भूकही भागवितात, व बियांचें तेल काढतात. वाळलेलीं फुलें पाण्यांत कांहीं दिवस आंबवून मडक्यांत तापवितात आणि वाफ थंड करून मद्य धरतात. त्याला फुलांचा वास व धुराची चव असते. पहिले थेंब धरित्रीला, देवाला व पितरांना; मग माणसांनीं घ्यावयाचें. सोबत भाजलेले हरभरे, सुकी मासळी, असेल तें. जन्म, लग्न व मृत्यु, या प्रसंगांची मर्यादा त्या पिण्याला होती.

इंग्रजी राज्यांत घरीं मद्य गाळणें हा गुन्हा ठरला व दुकानांचे मक्ते लिलावानें जाऊं लागले. मुंबई इलाख्यांत तर १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांच्या व्यापारावर व सांठ्यावर निर्बंध आले. १९३८ सालीं, म्हणजे जेरेझचें मंडळ स्थापन होऊन तीन वर्षें होतात तोंच, मध्यप्रांत व वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदा झाला. मद्यपानानें संसार उद्ध्वस्त झाले, हें खोटें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ मध्यें दारूबंदी झाली ती लोकांच्याच चळवळीमुळें. परंतु कायद्यास मोहफुलांत कर व गुन्हा हीं दोनच दिसलीं. अन्न, ऋतु व चव हीं दिसलीं नाहींत. मर्यादा घालणारा विधि सुटला व मक्तेदाराची बाटली उरली. चाखण्याचें पिणें झालें.

गोव्याच्या काजूफेणीस २००९ सालीं भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ मध्यें मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठविले. फूल मोकळें झालें. त्याचें ज्ञान मात्र अद्याप वृद्ध गोंड स्त्रियांच्या हातांतच आहे. कोणत्या झाडाचें फूल गोड, तें किती दिवस वाळवावें, कशाबरोबर शिजवावें, हें त्या जाणतात. जेरेझनें आपली चव लिहून ठेविली म्हणून ती टिकली. येथील चवीची नोंद त्या स्त्रियांच्या हयातींतच झाली पाहिजे. पिणें न पिणें हा ज्याचा त्याचा प्रश्न. विसरणें मात्र साऱ्यांचेंच नुकसान आहे.